अंबूबाई येईपर्यंत

पुच्. पुच्.

पहाटेपासूनचा गलका आता कुठं निवला होता. सासू विठाबाई भरलेल्या चिंध्या घेऊन तळ्यावर गेली होती. नवरा नागोजी दुधाचे कॅन सायकलला अडकवून शहरात गेला होता. चार वर्षांची लेक चिन्नी गोठ्यात कुठंतरी खेळत असावी. त्या शांततेत तो बारीक आवाज आला. तानूबाईला आधी वाटलं, शिंक्यातलं ताकाचं मडकं पाझरतंय. तिनं मान वळवून वर पाहिलं. मडकं कोरडं होतं.

पुच्.

आवाज तिच्या कुशीतनंच येत होता. पहाटे जन्मलेलं बाळ आपली मूठ तोंडाला लावून चोखत होतं. थोडा वेळ चोखायचं, दमून थांबायचं, कपाळाला म्हाताऱ्यासारख्या आठ्या घालायचं आणि पुन्हा सुरू.

"अरे माझ्या राजा," तानू म्हणाली आणि तिनं आपलं बोट त्याच्या ओठांवर टेकवलं. त्या ओठांनी बोट असं घट्ट धरलं, की तिच्या पोटात खोल कळ उठली आणि चोळी ओली झाली.

तिनं बोट हळूच सोडवून घेतलं.

विठाबाई ओल्या हातांनीच आत आली. एवढी म्हातारी झाली तरी तिची पाठ ताठ होती. बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठच्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापली होती आणि म्हशींची तर गणतीच नव्हती.

"रडतंय का गं?"

"न्हाई, आत्ती. मूठ चोखतंय."

"चोखू दे. मूठ चोखणारं पोर नशिबाचं असतंय." तिनं गुळाच्या पाण्यात कापसाची वात बुडवली आणि बाळाच्या ओठांत धरली. बाळानं वात दोनदा ओढली, तोंड वाकडं केलं आणि रडायला लागलं. "अय्यो, हे बघ नखरे! अंबूआत्या येऊ दे, मग पी पोटभर. तवर स्वल्प दम धर."

मग ती कोपऱ्यातली करवंटी घेऊन आली. "वाक."

तानू वाकली. विठाबाईच्या धार काढून काढून कडक झालेल्या बोटांनी तिची छाती दाबली. दाट, पिवळे थेंब करवंटीत पडले. तानूनं दात आवळले.

"बघ रंग. नऊ महिने साठल्याला चीक हाय ह्यो. हे पोराच्या घशात घालायचं?" विठाबाईनं करवंटी मागच्या दारी नेली आणि शेवग्याच्या बुंध्याशी पालथी केली.

रीत त्या घराची जुनी होती. नणंदेनं येऊन, हळद आणि कडुलिंबाच्या पाण्यानं बाळंतिणीची थानं धुवायची. "आमच्या घरचं लेकरू, आमच्या घरचं दूध," असं तीनदा म्हणायचं. आणि मगच बाळाला पाजायला घ्यायचं. तोवर थेंब नाही. चिन्नीच्या वेळी तानूला ही रीत जाणवलीसुद्धा नव्हती. अंबू तेव्हा घरातच होती, परकर नेसणारी पोर. शेणाचे हात धुऊन धावत आली, खिदळत खिदळत थानं धुऊन गेली, आणि तासाभरात चिन्नी चुटूचुटू पीत होती.

आता अंबू सासरी होती, आनेकलच्या पलीकडं. आणि रुसलेली होती.

रुसायला कारण झालं होतं. गौरीला भावानं बहिणीचा बागिना, म्हणजे सणाचं वाण, स्वतः घेऊन जायचा असतो. सुपात बांगड्या, खण, हळदकुंकू, वर दुसरं सूप झाकून दोऱ्यानं बांधायचं आणि तिच्या दारात नेऊन द्यायचं. गेल्या गौरीला नेमकी त्याच दिवशी म्हैस अडली. नागोजीनं बागिना शेजारच्या देवाप्पाच्या गाडीतून, भाजीच्या टोपल्यांवर ठेवून पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी तो तसाच परत आला. दोऱ्याची गाठसुद्धा सुटली नव्हती. तेव्हापासून ती दोन सुपं आढ्याला टांगलेली होती, नेमकी बाळंतिणीच्या बाजेवर. उताणं झोपलं की तानूला तीच दिसायची.

नागोजी दुपारी आला. दारातूनच बाळाला बघून हसला. आत यायचं नव्हतं, म्हणून उंबऱ्यावर उकिडवा बसला आणि टॉवेलनं घाम पुसत राहिला.

"काळं हाय का गोरं?"

"तुमच्यावानी हाय," तानू म्हणाली.

"म्हंजे शेणकुटावानी," विठाबाई म्हणाली, आणि तिघंही हसली. त्या घरात तिघांनी मिळून हसलेलं ते शेवटचं हसू.

"ऊठ आता," विठाबाई म्हणाली. "दोन घास खा आणि आनेकलला नीघ. पाया पड तिच्या. काय म्हणंल ते ऐकून घे. पर तिला घेऊन ये."

"धार?"

"धार मी काढते. कॅन देवाप्पा पोचवंल. नीघ तू."

सायकलची घंटी तळ्याच्या बांधावरून दूर जाईपर्यंत तानूनं ऐकली.

यंदा तळं फार आत गेलं होतं. चैत्र निम्मा सरला नव्हता तोवर काठची जमीन तव्यासारखी तडकली होती आणि म्हशींसाठी गवत कापायला नागोजीला कमरेएवढ्या चिखलात उतरावं लागे. तीन म्हशींत एकच दुधात होती. दुसरी भाकड होती. तिसरी, गवरी, आज व्यायची की उद्या, एवढाच प्रश्न होता. सगळं घर गवरीच्या कासेकडं डोळे लावून बसलं होतं.

मंगळवारी सकाळी ती व्याली.

बाळंतिणीची खोली आणि गोठा यांच्यामध्ये मातीची भिंत होती आणि भिंतीत हातभर झरोका. तानू बाजेवर उठून बसली की तिला गोठ्याचा निम्मा भाग दिसे. बाळ रात्रभर रडून आता नुसतं कण्हत होतं. गुळाचं पाणी ते ओठांबाहेर सोडत होतं. तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि झरोक्यातून पाहत राहिली.

रेडकू बाहेर पडलं तशी विठाबाई गुडघ्यांवर बसली. त्याच्या नाकातोंडातला चिकटा तिनं बोटांनी काढला, नाचणीच्या काडानं अंग खसाखसा पुसलं, खुरांची पांढरी टोकं खुडली. रेडकू उठायचं आणि कोलमडायचं. विठाबाईनं दोन्ही हातांनी त्याला उचलून म्हशीच्या कासेखाली नेलं.

"अज्जी, पडतंय ते!" चिन्नी ओरडली.

"पडू दे. आधी पिऊ दे. जार पडायच्या आत प्यालं पाहिजे." विठाबाईनं सड दाबून पहिली धार स्वतःच्या तळहातावर घेतली. दाट, पिवळी. ती तिनं रेडकाच्या जिभेला लावली, मग त्याचं तोंड सडाला धरलं. "पी, माझ्या बाबा. ओढ. पहिला चीक ज्याचा त्यालाच. तुझ्या तोंडचा काढला तर गोठा बसंल आमचा."

रेडकानं एकदा ढुशी दिली, सड सुटला, विठाबाईनं पुन्हा धरून दिला. मग गोठ्यात तो आवाज सुरू झाला. ओला, भरलेला, घटाघट.

इकडं तानूच्या चोळीतून दूध पोटापर्यंत ओघळलं. बाळाला वास आला असावा. त्यानं डोळे मिटूनच मान वळवली आणि ओल्या कापडाला तोंड लावलं. तानूनं त्याची मान परत फिरवली. तेवढं फिरवायला तिला फार बळ लागलं.

विठाबाई आत आली तेव्हा तिच्या तोंडावर गोठ्यातली खुशी अजून होती. "पारडी झाली! उभी ऱ्हायली बघ, तासाच्या आत उभी!"

"आत्ती," तानू म्हणाली, "रेडकाला तुम्ही पहिलाच चीक पाजला."

"मग?"

"त्योबी पिवळाच हाय."

विठाबाईच्या तोंडावरची खुशी हळूहळू गेली. ती रागावली नाही, म्हणून तानूला जास्त भीती वाटली. बाजेच्या कडेला टेकून तिनं हात पदराला पुसले. 

"ते जनावर हाय, पोरी. त्याला रीत नसती. नागोजीच्या आधी मला एक झालता, ठाऊक हाय? रघुजी. नणंद मैसुराकडं होती, चार दिवस लागणार होते. मला दम धरवला न्हाई. दुसऱ्या दिवशी घेतला पदराखाली. पाचव्या दिवशी गेला." तिनं बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं. "मी पाजला म्हून गेला. मला कुणी सांगाय नको. माझ्याच हातात गार झाला त्यो."

तानूनं बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

नागोजी दुपारी एकटाच परत आला. सायकल भिंतीला टेकवून तो कितीतरी वेळ अंगणातच पाणी पीत राहिला.

"न्हाई आली?" विठाबाईनं विचारलं.

"म्हणाली, बागिना परक्याच्या हातानं पाठवलास, आता न्यायलाबी परक्यालाच पाठवायचं व्हतंस." तो खाली बघत बोलत होता. "सासू-जावांच्या म्होरं म्हणाली. सगळ्या हसल्या. मला दारातच बसवलं, आई. पाणी दिलं ते म्हशीच्या घमेल्याजवळच्या लोट्यातनं."

"मग?"

"म्हणाली, येईन. पर गाडी घेऊन ये, त्योच बागिना स्वतःच्या डोक्यावर घेऊन ये, आणि गावच्या वेशीपासनं चालत ये. सगळ्यांनी बघितलं पाहिजे."

"जा मग!"

"देवाप्पाची गाडी उद्या सकाळी मोकळी व्हईल." मग तो झरोक्याकडं आला. "बाळ कसं हाय, तानू?"

"भुकेलं हाय," तानू म्हणाली.

त्याच दुपारी विठाबाई तळ्याकाठच्या देवीला गवरीच्या चिकाचा निवद घेऊन गेली. पारडीचं पोट भरून उरलेला चीक चार घरी वाटायचा होता, तोही घेऊन गेली. नागोजी गोठ्यात आडवा होऊन घोरत होता. बाळ रडायचं थांबलं होतं. मघापासून मूठही चोखत नव्हतं.

तानूनं दाराकडं पाहिलं. मग भिंतीकडं तोंड केलं, चोळीची गाठ सोडली आणि बाळाला घेतलं.

बाळाला पहिल्यांदा कळलंच नाही. ओठ नुसते टेकले. तिनं एक थेंब त्याच्या जिभेवर पिळला, सासूनं रेडकाच्या जिभेवर लावला तसा. मग त्यानं डोळे उघडले आणि पकडलं. तानूच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुखलं म्हणून आणि दुखलं नाही म्हणूनही. ते बारीक तोंड ओढत होतं, गिळत होतं, मधेच उसासा टाकून पुन्हा ओढत होतं. एका हाताची बोटं तिच्या छातीवर पसरली होती. चिमणीच्या पंजाएवढी. तानू मोजत होती, एक घोट, दोन, सात, दहा. वीसच्या पुढं तिनं मोजायचं सोडलं.

"अव्वा, बाळ दूध पितंय!"

चिन्नी बाजेच्या पायथ्याशी उभी होती. गालावर चीक वाळला होता.

"हळू बोल. कुणाला सांगू नगं हां. अज्जीला तर न्हाईच न्हाई."

"खोटं बोलायचं?"

"न्हाई गं. नुसतं सांगायचं न्हाई."

"आणि अज्जीनं विचारलं तर? मग खोटंच की." चिन्नीचे डोळे मोठे झाले. "तूच म्हणालीस, गवळ्याच्या घरात खोटं बोललं की म्हैस आटती."

ते तानूच म्हणाली होती, महिन्यापूर्वी, हिनं गुळाचा खडा पळवला होता तेव्हा. तिला आता हसू आलं. बाळ तिच्या अंगावर झोपी गेलं होतं. ओठांच्या कोपऱ्यात पिवळा थेंब, पोट गोल, कपाळावरची आठी गेलेली.

"न्हाई विचारणार अज्जी," ती म्हणाली.

पण विठाबाईला विचारावं लागलंच. संध्याकाळी ती करवंटी घेऊन आली, तिनं दाबलं, आणि एका बाजूला काहीच आलं नाही. तिनं दुसरी बाजू दाबली, पुन्हा पहिली दाबली. आयुष्यभर सडं दाबलेल्या बोटांना कास रिकामी कशानं होते ते सांगायला नको होतं. तिनं झोपलेल्या बाळाचं तोंड हुंगलं.

तानूकडं तिनं पाहिलंच नाही. चिन्नीला गोठ्यात नेलं. झरोक्यातून तानूला सगळं ऐकू येत होतं.

"गवरीच्या पाठीवर हात ठेव. ठेवला? आता खरं सांग. बाळ काय प्यालं?"

गवरीच्या गळ्यातली घंटा वाजली.

"दूध," चिन्नी म्हणाली.

विठाबाई परत आली ती एरंडेलाची बाटली घेऊन. "पोटातनं भाईर काढाय पाहिजे. सगळं काढाय पाहिजे, अजून येळ गेली न्हाई."

"आत्ती, नगा! झोपलंय ते. किती शांत झोपलंय बघा तरी."

"रघुजीबी असाच झोपला व्हता!" विठाबाई ओरडली. "असाच झोपला व्हता, भवाने!"

तानूनं बाळाला छातीशी धरलं. म्हातारीनं ते ओढून घेतलं नाही. ती बाजेजवळ खाली बसली आणि तिनं तानूचे पाय धरले. सासूनं सुनेचे पाय धरले. "तुझ्या पाया पडते. माझ्या हातनं एक गेलाय. ह्यो तरी राहू दे."

आणि तानूचे हात सैल झाले. पुढं तिला कितीदा वाटलं, सासूनं मारलं असतं तर बरं झालं असतं. मार खाऊन तिनं बाळ सोडलं नसतं.

चमचाभर एरंडेल गेलं. दिवा लावल्यावर अजून अर्धा.

बुधवारी उजाडलं तेव्हा घरातली सगळी फडकी दोरीवर होती. आधी पिवळं झालं, मग हिरवं, मग नुसतं पाणी. बाळाच्या टाळूवर बोटाच्या पेराएवढा खळगा पडला होता. रडायला तोंड उघडायचं, पण आवाज पोटापाशीच राहायचा.

"निघालं सगळं," विठाबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आता भ्या न्हाई. बाधलेलं निघालं." पण ती बाळाकडं बघत नव्हती.

देवाप्पाची गाडी अंगणात उभी राहिली. नागोजी बाजेवर चढून आढ्याची सुपं काढत होता. रीत मोडून खोलीत आला होता, तरी कुणी काही बोललं नाही. सुपांवरची धूळ तानूच्या तोंडावर पडली.

"ऐका," ती हळू म्हणाली. "गाडी हाय तर शहरात जाऊ या. तुम्ही दूध घालता त्या इस्पितळात. नर्सबाई वळखीच्या हाईत म्हणता न्हवं?"

नागोजी सुपं हातात धरून उभा राहिला. त्याला ते सुचलं असावं, कारण तो दचकला नाही.

"ओली बाळंतीण, तिसरा दिवस. उनात दोन कोस. तुलाच काय झालं तर?"

"मला न्हाई होत काय. मी बसते गाडीत. बघा, बसते का न्हाई." ती उठली, भिंत धरून उभी राहिली.

"नागोजी," विठाबाई दारातून म्हणाली. एवढंच.

तो आईकडं बघत राहिला, मग तानूकडं, मग बाळाकडं. "अंबू आली की सगळं सरी व्हईल, नीट व्हईल," तो म्हणाला. "उद्या दुपारपातूर आणतो तिला. बैल पळवतो." "तू पाणी पाजत ऱ्हा."

गाडी निघाली. तळ्याच्या बांधावर रस्ता फुटतो. डावीकडं शहर, उजवीकडं आनेकल. तानू डोळे मिटून बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत राहिली. बांधावर गाडी थांबली. बराच वेळ थांबली. मग आवाज उजवीकडं वळला.

दिवसभर ती वात भिजवून ओठांवर धरत होती. गुळाचं पाणी, नुसतं पाणी, म्हशीचं दूध पाणी घालून. जे आत जाई ते तसंच खालून येई. तिच्या छात्या दगड झाल्या होत्या. दूध आता पिवळं नव्हतं, पांढरं झालं होतं, आणि आपोआप सांडत होतं, पदर, चोळी, बाजेचा सुंभ भिजवत. संध्याकाळी ती म्हणाली, "आत्ती, आता तर पांढरं आलंय." विठाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ हलले. पण एकदा चमचा दिलेल्या हाताला आता काय करावं ते कळत नव्हतं. "एक दीस," ती म्हणाली. "आता एकच दीस. एवढं सोसलं, आता कशाला मोडायचं?"

गुरुवारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा घुंगरं वाजली.

अंबूबाई गाडीतून उतरली ती नवा खण, केसांत फुलं, दोन्ही हातांनी बागिन्याची सुपं पोटाशी धरून. वेशीपासून भाऊ डोक्यावर सुपं घेऊन चालत आला होता. जावांनी ते पाहिलं होतं. सासरी तीन वर्षांत तिची कूस उजवली नव्हती. तिथं दिवसाकाठी काय काय ऐकावं लागे ते तिचं तिला ठाऊक. त्या जावांनी काल पहिल्यांदा मान खाली घातली होती. ते तिच्या चालण्यातही दिसत होतं. उंबऱ्याशी ती थांबली.

"पायावर पाणी कोण घालणार? का परक्यालाच बोलवायचं?"

पाणी भावजयीनं घालायचं असतं. विठाबाई काही म्हणायच्या आत तानू उठली. तांब्या घेतला. भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आली आणि वाकली. वाकल्यावर तिच्या छातीतून दूध टपटपलं, अंबूबाईच्या पायांवर, जोडव्यांवर, पाण्याच्या आधी.

अंबूनं खाली पाहिलं. मग तानूच्या चेहऱ्याकडं. मग आत, बाजेवर. तिच्या हातातली सुपं कलली आणि बांगड्या जमिनीवर विखुरल्या.

"अण्णा!" ती भावाकडं वळून किंचाळली. "असं हाय म्हून सांगितलं न्हाईस!"

"सांगितलं की. वाटंत तीनदा सांगितलं."

"मला वाटलं, न्यायचं म्हून म्हणतोस..." मग ती पळालीच. हळद, लिंब, पाणी, सगळं सांडत. "आमच्या घरचं लेकरू, आमच्या घरचं दूध," ती धापा टाकत म्हणाली. तीनदाच्या जागी पाचदा म्हणाली असेल. तिचे हात गार होते. "घे वैनी, घे, पाज, लवकर पाज."

तानूनं बाळ छातीला लावलं. दूध त्याच्या ओठांवर पडलं, जिभेवर पडलं, गालावरून कानात गेलं. बाळाचं तोंड उघडं होतं, पण ओढणारं आत कुणी नव्हतं. तिनं त्याचे गाल चोळले, तळवे चोळले. पुच्, असा एकच आवाज आला. ओठ सुटल्याचा.

ऊन कलायच्या आत संपलं.

नागोजीनं बागिन्यातलं एक सूप रिकामं केलं. बाळ त्यात मावलं. दुसरं सूप वर झाकलं आणि तो तळ्याच्या कोरड्या काठानं चालत गेला. या वेळी त्यानं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

अंबू चार दिवस राहिली. ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, नुसतं अंगण झाडत होती. जायच्या दिवशी तिनं केसांना फुलं लावली नाहीत. शेजारच्या बायका आल्या, विठाबाईच्या गळ्यात पडल्या. "चीक बाधला," विठाबाई प्रत्येकीला सांगत होती. "पोरीला दम धरवला न्हाई. माझ्यावानीच." हे ती रागानं म्हणत नव्हती. एकदा ते म्हणताना तिनं तानूच्या पाठीवर हातही ठेवला, जणू दोघींची आता एकच जात झाली.

आणि तानूला खरंच कळत नव्हतं. एकटी असली की ती म्हणे, तेलानं. सासू जवळ बसून रघुजीचं बोलू लागली की तिला वाटे, कदाचित मीच. तीसेक घोट प्यालं असेल ते. त्या घोटांनी ते जगणार होतं की मरणार होतं? तेवढं सांगणारं जगात कुणी नव्हतं.

दूध मात्र थांबत नव्हतं. सहाव्या दिवशी तानूला थंडी वाजून ताप भरला. विठाबाईनं फुलवालीकडून मोगऱ्याच्या कळ्या आणल्या, चुरगळल्या आणि कापडानं तिच्या छातीवर घट्ट बांधल्या. मोगऱ्यानं पान्हा मागं जातो. सगळ्या खोलीत लग्नघरासारखा वास सुटला.

आठव्या दिवशी सकाळी तानू मागच्या दारी बसली होती. कापड सोडून, करवंटी धरून, ती स्वतःच दाबून दाबून दूध काढत होती. शेवग्याच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग लागली होती. गोठ्यातून पारडी सुटली होती आणि शेपूट वर करून अंगणभर उड्या मारत होती. तिचं पोट नगाऱ्यासारखं होतं.

चिन्नी आली. सुकलेल्या मोगऱ्याची फुलं जमिनीवरून एकेक करून परकराच्या ओच्यात गोळा करायला लागली. त्या संध्याकाळपासून ती आईजवळ फारशी येत नव्हती. झोपायचीही अज्जीजवळ.

"अव्वा."

"हं."

"म्हैस आटली न्हाई."

"न्हाई आटली."

चिन्नीनं फुलं मोजली. तिला पाचापर्यंतच यायचं. पाच झाले की पुन्हा एकपासून. मग तशीच, मान खाली घालून, तिनं विचारलं:

"पुढच्या बाळाच्या वेळी अज्जीनं मला विचारलं, तर मी काय सांगू?"

तानूच्या हातातली करवंटी भरली होती. ती तिला ओतायची होती, पण ती तशीच धरून बसली.